गुंजभर

अक्षय तृतीयेची रात्र. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं, तेव्हा फरशीनं चर्र करून सगळं पिऊन टाकलं आणि ओल्या मातीचा, चुन्याचा, मागच्या पावसाळ्यांचा एक वास घटकाभर उठून विरला. आता मध्यरात्र होत आली तरी गादीतून ऊब वर येतेच आहे, दिवस अजून खाली कुठंतरी जागा असावा तशी. गल्लीतले कूलर एका सुरात घुमताहेत. झुळूक आली की कुणाच्या तरी खिडकीतला ओला वाळा नाकाशी येतो आणि मागं फिरतो. तृतीयेची कोर जेवणं आटोपेपर्यंतच मावळली. नागपूरच्या आभाळाला आता काळं म्हणवत नाही, कडांना दिव्यांचा पिवळट उजेड चढलेला असतो. तरी डोक्यावरून दक्षिणेकडे हळूहळू नजर उतरवली की विशाखेचे तारे ओळखू येतात.

वैशाखाला नाव देणारी विशाखा.

याच ताऱ्यांची तूळ रास होते. लहानपणी मला वाटायचं, आभाळातला हा ताजवा आमच्या आजोबांचाच आहे. आजोबा इतवारीतल्या सराफा ओळीत कारागीर होते, मस्कासाथेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि लाकडी पेटीत लाल मखमलीवर निजलेला त्यांचा ताजवा आम्हा पोरांना हात लावायला मिळत नसे. पितळेची दोन पारडी, कावळ्याच्या डोळ्याएवढी नाजूक काटी, आणि कापडी चंचीत गुंजा: लाल, गुळगुळीत, टोकाशी काळा ठिपका असलेल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. वजन करताना आजोबा श्वास धरायचे. पंखा बंद, दार लोटलेलं, आणि त्या चिमूटभर शांततेत पारडं हलायचं, थरथरायचं, थांबायचं.

पुढं कळलं, की वरच्या ताजव्यातही तसंच काहीतरी तोलून ठेवलेलं आहे.

विशाखेचा उत्तरेकडचा ठळक तारा घ्या. हात लांब करून त्याच्या पूर्वेला आडवी चार बोटं धरा. तिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, पण साधी द्विनेत्री लावली तर एक फिका ठिपका सापडतो, एचडी 140283. सुमारे 200 प्रकाशवर्षं दूर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात आमच्याच मोहल्ल्यातला. पाश्चात्त्यांनी त्याला बायबलातल्या एका अतिवृद्ध पुरुषाचं नाव दिलं. आपल्याकडे असता तर त्याला चिरंजीवांत बसवलं असतं. 1951 साली जोसेफ चेंबरलेन आणि लॉरेन्स अ‍ॅलर यांनी त्याचा उजेड उलगडून पाहिला, तर त्यात लोखंड फार थोडं निघालं. आज आपण जाणतो की सूर्यात जितकं लोखंड आहे त्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढंच या ताऱ्यात आहे. इतकं कमी लोखंड असलेला तारा म्हणजे लोखंड मुबलक होण्याच्या आधीच जन्मलेला तारा. आपली आकाशगंगा बाल्यात होती तेव्हाचा.

आणि तो आपल्या शेजारून घाईनं चालला आहे. पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं आभाळ ओलांडायला त्याला साधारण 1,500 वर्षं लागतात, बाकीचे तारे जिथं जागचे हललेले दिसत नाहीत तिथं ही पळापळच म्हणायची. मी हे वाचलं तेव्हा मनात पहिल्यांदा रामटेक आलं. रामटेकच्या पायथ्याशी नंदिवर्धन, आजचं नगरधन, ही वाकाटकांची राजधानी होती, त्याला आता जवळपास तेवढीच वर्षं होतात. त्या राजधानीच्या गच्च्यांवरही कुणी वैशाखात पाणी शिंपून निजलं असेल. तेव्हा हा तारा आजच्या जागेपासून एक चंद्रभर अलीकडे होता.

एक चंद्रभर. एवढंच अंतर आमच्यात आणि त्यांच्यात.

खगोलशास्त्रज्ञांची धातूची व्याख्या मला आधी फार चमत्कारिक वाटली होती. हायड्रोजन आणि हेलियम सोडले तर उरलेलं सगळं त्यांच्या लेखी धातूच. प्राणवायू धातू, कोळशातला कार्बन धातू. विश्व सुरू झालं तेव्हा हे दोनच, आणि लिथियमची नावाला चिमूट. नागपूरकराला हे उमगणं जड जातं, कारण आमचा मुलूख धातूवरच बसलेला आहे. मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीजच्या खाणी, पलीकडे भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला, खाली गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड. देशभरच्या खाणींचा हिशेब ठेवणारं भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथलंच. मनसरचा एक काळा दगड आमच्या घरी दार अडवायला असे. उचलला की आकाराच्या मानानं जड लागे आणि बोटांना काजळी सोडी. आजोळच्या विहिरीत उन्हाळ्यात लाल औषध टाकत, तेही मँगनीजचंच. काठावरून वाकून पाहिलं की पाण्यात जांभळा धूर उलगडत खाली खाली जाई, आणि आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत पाहत बसू. अशा मुलखात जन्मलेल्या माणसानं धातूच नसलेल्या जगाची कल्पना करायची म्हणजे रंगाचे डबे रिकामे करून मग चित्र काढायला बसणं.

धातूंचे रंग मला पुन्हा कॉलेजात भेटले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी अंधारखोलीत वर्णपटमापकाला डोळा लावायचा, सोडियमचा दिवा लागायचा आणि काळोखात दोन पिवळ्या रेषा शेजारीशेजारी उभ्या राहायच्या, दोन बहिणी फोटोला उभ्या राहिल्यासारख्या. सरांनी सांगितलं, सूर्याच्या पट्ट्यात याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. सूर्यातल्या सोडियमनं तेवढा उजेड गिळून ठेवलेला आहे. मला एकदम आजोबांचा कसोटीचा दगड दिसला.

कसोटीचा दगड काळा, तेल पाजलेला, तळहाताएवढा. त्यावर दागिना घासला की सोन्याची एक रेघ उमटते. तिच्या शेजारी ठाऊक असलेल्या सोन्याची सळई घासायची आणि दोन रेघा ताडून पाहायच्या. आजोबा मला मांडीवर घेऊन दाखवायचे. म्हणायचे, ''पाय पोरी, माणूस खोटं बोलन, दगड नाई बोलत. तुले दिसते का फरक?'' मला कधीच दिसला नाही. त्यांना एका रेघेत तांबं किती, चांदी किती, कोणत्या सराफाचा माल, सगळं दिसायचं. दूरच्या ताऱ्याला हात लावता येत नाही, मुशीत घालता येत नाही. त्याचा उजेड तेवढा आपल्या दगडावर घासता येतो. लोलकातून पसरलेल्या त्या पट्ट्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपली रेघ आपल्याच जागी ओढतं. जड मूलद्रव्यांच्या पुष्कळशा रेघा निळ्या-जांभळ्या टोकाला दाटलेल्या असतात: स्ट्रॉन्शियम, बेरियम, युरोपियम. विहिरीतल्या त्या धुराच्या रंगात.

पण सूर्यासारख्या धनवान ताऱ्याच्या पट्ट्यात त्या दिसायला महाकठीण. तिथं लोखंडाच्याच हजारो रेघा. आजच्या दिवशी सराफा ओळीतून चालून पाहावं म्हणजे कळेल: अक्षय तृतीयेची गर्दी, दुकानादुकानातून उतू जाणारा पिवळा झगमगाट, पाटल्या, गोफ, चपलाहार, आणि त्यात कुणाच्या गळ्यात एवढासा मणी असेल तर तो कुणाला दिसणार आहे? दरिद्री ताऱ्यात ही गर्दी नसते. त्याचा पट्टा जवळजवळ कोरा, मे महिन्यातल्या दुपारच्या रस्त्यासारखा सुनसान, आणि त्या सुनसान उजेडात युरोपियमची एक केसाएवढी रेघ इतकी स्वच्छ उभी असते की पाहणाऱ्याचा श्वास थांबावा.

माझ्या आजीच्या गळ्यात एकच मणी होता.

आयुष्यभर सोनं घडवणाऱ्या माणसाच्या बायकोकडे सोनं म्हणून तेवढंच. काळ्या पोतीत मधोमध ओवलेला, एक गुंज वजनाचा. आजोबा संध्याकाळी कामावरून उठताना कपडे झटकायचे, नखं ब्रशनं साफ करायचे, हात परातीत धुऊन ते पाणी तिथंच ठेवायचे. धूळसुद्धा ज्याची त्याला. घरी यायचे ते रिकामे, हाताला फक्त टाकणखाराचा आणि कोळशाचा वास. म्हणून तो मणी आम्हाला फार मोठा वाटायचा. आजी चुलीपुढं वाकली की जाळाचा लाल उजेड तेवढ्या एका ठिकाणी चमके, आणि अंधारात आजी कुठं बसली आहे ते आम्हाला त्यावरून कळे.

त्याच उत्तरेकडच्या पारड्यापाशी, लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर, दुसरा एक तारा आहे. त्याला चांगली दुर्बीणच लागते. एचई 1523-0901. लोखंड सूर्याच्या हजाराव्या हिश्शाएवढं. पण 2007 मध्ये अ‍ॅना फ्रेबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून त्याचा उजेड वाचला, तर या भिकाऱ्याच्या गळ्यात थोरियमही निघालं आणि युरेनियमही. दोन्ही झिजणारी मूलद्रव्यं. थोरियम निम्मं व्हायला 1,400 कोटी वर्षं घेतं, युरेनियम सुमारे 450 कोटी. कोण किती उरलं ते ताडलं की वय निघतं. निघालं सुमारे 1,320 कोटी वर्षं, मागंपुढं शे-दोनशे कोटी धरून. थोरियम मी ओळखत होते. पूर्वीच्या गॅसबत्तीच्या पांढऱ्या जाळीत तेच असे. आत्याच्या लग्नात वरातीच्या दोन्ही बाजूंनी बाया डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालल्या होत्या, तो सूं-सूं आवाज, तो दुधाळ उजेड, त्याभोवती भिरभिरणारे किडे. सगळ्या वरातीच्या चेहऱ्यांवर सांडलेला तो उजेड थोरियमच्या राखेतून येत होता.

हे जड कण आले कुठून? ताऱ्याच्या पोटातली भट्टी लोखंडापर्यंत चालते. त्यापुढं जाळायला गेलं तर उजेड मिळत नाही, उलट खर्च होतो. पुढची घडण न्यूट्रॉननं होते, एकेक न्यूट्रॉन अणुकेंद्रात शिरत जाऊन. ते दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा विरजणासारखी: म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांच्या उबेत, हजारो वर्षं, एक शिरला, मुरला, मग दुसरा. दुसरी तऱ्हा मृगाच्या पहिल्या ढगफुटीसारखी: न्यूट्रॉनांचा लोंढा, आणि काही क्षणांत सगळं भरून वाहिलेलं. सोनं, युरोपियम, युरेनियम या दुसऱ्या तऱ्हेचं. 1957 साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनी शंभरावर पानांचा एक निबंध लिहून हे सगळं मांडलं. त्या हॉइलच्या हाताखाली पुढं केंब्रिजमध्ये आपले जयंत नारळीकर शिकले. विश्वाला आरंभ आहे की नाही या वादात गुरुशिष्यांचं म्हणणं जगानं मानलं नाही. मूलद्रव्यं ताऱ्यांत शिजतात हे हॉइलचं म्हणणं मात्र आज शाळेच्या पुस्तकात आहे. नारळीकर सर 20 मे 2025 ला गेले, वैशाखातच. त्या रात्रीही मी इथंच होते, आणि विशाखा इथंच होती.

लोंढा कुठं येतो हे बराच काळ कुणी पाहिलेलं नव्हतं. मग 17 ऑगस्ट 2017 ला, 13 कोटी प्रकाशवर्षांवर, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फेर धरत शेवटी एकमेकांवर आदळल्याची वर्दी इथं पोचली. आधी अवकाशच थरथरलं, ती थरथर पृथ्वीवरच्या यंत्रांनी टिपली. मग उजेड आला, आधी निळसर, चार दिवसांत तांबूस होत विझत गेलेला, जड धातू भरभरून तयार होत असल्याची खूण देत. पृथ्वीच्या वजनाच्या कित्येक पट सोनं त्या एका राखेत असावं असा अंदाज आहे. अशी थरथर टिपणारं यंत्र आता आपल्याकडे होतं आहे, वाशिमच्या पलीकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. 4 किलोमीटर लांबीचे दोन हात काटकोनात पसरून ते तूर-सोयाबीनच्या रानात पडून राहील आणि ऐकेल. ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्या एस.टी.तून कुणी म्हातारी हात जोडील, तेव्हा तिच्या मंगळसूत्रातलं सोनं ज्या आकांतातून जन्मलं तसाच एखादा आकांत बाजूच्या शेतात अलगद उमटत असेल.

आकांत इतका, आणि शेवटी मणी एवढा.

त्या मण्याची हकीकत मला आजीनं शेवटच्या आजारपणात सांगितली. सराफा ओळीत भल्या पहाटे सोनझारी बायका येत. वैनगंगेच्या पट्ट्यातली, नदीची वाळू धुऊन सोनं काढणारी ही माणसं. शहरात आली ती सराफ्याच्या नाल्यांशी बसली. दुकानांपुढची धूळ झाडायची, नालीतला गाळ घमेल्यात भरायचा, काठवटीत पाणी घालून हेलकावत हेलकावत हलकं ते वाहू द्यायचं आणि तळाला उरलेली काळी रेती पाऱ्याला पाजायची. दिवसाकाठी मिळालं तर कणभर. तशा एका बाईकडून आजोबांनी पैसे जमवत जमवत एक गुंज घेतलं. विकत घेतलं, हे आजीनं दोनदा सांगितलं. कसोटीवर घासलं, आणि म्हणाले म्हणे, ''चोख हाय.'' त्या गुंजेत कुणाच्या पाटलीचा भुगा असेल, कुणाच्या मोडीत निघालेल्या नथीचा, एखादा कण थेट नदीचाही.

दरिद्री तारे असेच सापडतात, हे वाचताना मी पुस्तक मिटून घेतलं होतं. एचई 1523-0901 या नावातली पहिली दोन अक्षरं हॅम्बुर्ग आणि युरोपीय दक्षिण वेधशाळा यांच्या झाडाझडतीची. दुर्बिणीपुढं लोलक धरून आभाळाचे फोटो काढायचे, प्रत्येक तारा त्यावर उजेडाचा एक फराटा होऊन उमटतो. असे लाखो फराटे चाळायचे, कॅल्शियमची रेघ जिथं अशक्त दिसेल तो बाजूला ठेवायचा. बाकीचं वाहू द्यायचं. आता लडाखात हानलेच्या थंड आभाळाखालीही आपली मंडळी हेच करतात. मला त्या सगळ्यांच्या हातात काठवट दिसते.

आणि मग ती गोष्ट, जी मला अजून नीट सहन होत नाही. अशा जड धातूंच्या जुन्या ताऱ्यांमध्ये बेरियमपासून पुढच्या मूलद्रव्यांचं परस्परांशी प्रमाण मांडून पाहिलं. कुंभेतला एक, तुळेतला एक, तिमिंगलातला एक. जन्म वेगळा, ठिकाण वेगळं. प्रमाण तेच. मग सूर्यातल्या जड धातूंतून विरजणाचा वाटा वजा करून लोंढ्याचा तेवढा शेजारी मांडला. तेच. कोट्यवधी वर्षांनी, आकाशगंगेच्या कुठल्याकुठल्या कोपऱ्यात, त्याच ठेवणीचं नाक. आजी गेल्यावर पोत माझ्या आईच्या गळ्यात आली, आई गेल्यावर माझ्या. आरशात पाहते तेव्हा मणी तिघींच्या गळ्यात असतो.

एकदा हिशेब केला. एक गुंज म्हणजे साधारण 120 मिलिग्रॅम. तेवढ्यात सोन्याचे अणू किती? 37 वर 19 शून्यं. त्यातले किती एका आदळण्यातले, किती दुसऱ्या, हे कुठल्याही दगडावर घासून कळणार नाही.

आज दुपारी घागर भरली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, पाण्यात वाळा, तोंडावर आंबा. भावानं नावं घेतली: वडील, आजोबा, पणजोबा. तीनच. चौथं नाव आमच्यात कुणाला ठाऊक नाही, आणि विधीही ते विचारत नाही. खगोलशास्त्रज्ञही ताऱ्यांच्या तीनच पिढ्या सांगतात. पहिली म्हणतात ती आपल्या सूर्याची, धातूंनी भरलेली. दुसरी या विशाखेतल्या दरिद्री म्हाताऱ्यांची. आणि तिसरी त्यांच्याही आधीची, नुसत्या हायड्रोजन-हेलियमची, जिच्यातला एकही तारा आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. ते प्रचंड असावेत, लवकर जळाले असावेत. त्यांनी मागं काय ठेवलं तेवढं या म्हाताऱ्यांच्या अंगावर वाचता येतं. भाऊ नावं घेत होता तेव्हा मी मनात त्यांनाही एक ओंजळ सोडली.

विशाखा आता शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे झुकली आहे. घसा कोरडा पडला म्हणून मी उठून खाली आले. स्वयंपाकघरात दिवा लावला नाही; घागर कुठं आहे ते गारव्यावरून कळत होतं. तिच्याखाली फरशीवर ओलं वर्तुळ पसरलेलं, पावलाला लागलं. वाकून तांब्या बुडवला, तेव्हा दिवसभर अंगाशी तापलेला मणी पोतीसह पुढं लोंबला आणि घागरीच्या ओल्या काठाला लागून टक् असा एवढासा आवाज झाला.